सातवी काठी

टण्ण!

वाळूचं घमेलं मी नुकतंच डोक्यावरून खाली ठेवलं होतं, म्हणून बरं. नाहीतर तो पांढरा चेंडू घमेल्यावर आदळण्याऐवजी माझ्या नडगीवर बसला असता.

मी वर पाहिलं. माळावरून एक तरुण धावत येत होता. खांद्यावर भलीमोठी पिशवी, पिशवीत काठ्यांचा खडखडाट, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला… सकाळचे साडेसहासुद्धा झाले नव्हते.

"लागला का? लागला का तुम्हाला?"

"घमेल्याला लागला," मी म्हटलं. "त्याला विचारा."

तो थांबला. हसावं की माफी मागावी, हे त्याला ठरवता येईना. मग दोन्ही एकदमच केलं.

"कशानं मारला?" मी विचारलं.

"तुम्हाला… कळतं यातलं?"

"कशानं मारला, ते सांगा."

त्यानं हातातली काठी पुढं केली. मी तळ पाहिला. जाड, फुगीर, चकचकीत. गोल्फची सँड वेज.

"ही वाळूची काठी हाय, साहेब. हिचा तळ जाड असतो, वाळूत रुतू नये म्हणून. या मुरमावर मारली की ती जमिनीवरून उसळते अन् चेंडूच्या मधोमध बसते. मग चेंडू वर जातच नाही, सरळ लोकांच्या घमेल्यात जातो."

त्यानं घमेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पण वाळू तर आहे की इथं," तो म्हणाला. "तुमच्याकडं."

आता हसावं की रागवावं, हे मला ठरवता येईना…

ही गोष्ट शहाऐंशीच्या उन्हाळ्यातली. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या… फक्त पाणी तेवढं जुन्या विहिरींतूनसुद्धा गेलेलं. गावाबाहेरच्या माळावर माझ्या आप्पांनी या साहेबांसाठी नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान आखलं होतं. गवताचं एक पातं नव्हतं त्यात. खड्ड्याभोवती हिरवळ असते, तिथं आप्पा वाळूत जळकं तेल कालवून, दाबून गोल अंगण करायचे. त्याला आम्ही ब्राऊन म्हणायचो. पाण्याचा थेंब लागत नसे, म्हणून दुष्काळातही मैदान चालू होतं.

आप्पा म्हणजे शिवप्पा. आमचं गाव उदगीरकडचं, पण आप्पांनी वीस वर्षं सिकंदराबादच्या गोल्फ क्लबात साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या. माझा जन्म तिथलाच. कोणती काठी कुठं लागते, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. जिल्हा झाल्यावर आम्ही इकडं आलो. सकाळी मी आप्पांना मदत करायची आणि नऊ वाजता बालवाडीत शिकवायला जायची.

आणि तो… तो पंचाक्षरी. मुदखेडचा. पाणीपुरवठ्याचा इंजिनियर, टँकर अन् बोअरच्या कामासाठी लातूरला आलेला. आधी एका धरणाच्या कामावर असताना तिथल्या म्हाताऱ्या इंजिनियरनं निवृत्त होताना त्याला हे वेड आणि चौदा काठ्या, दोन्ही देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चौदाच्या चौदा काठ्या घेऊन.

"एवढ्या कशाला वाहून राहिले साहेब?" आप्पांनी विचारलं. "उन्हाचा दिवस हाय. सात लई झाल्या."

"पण कोणत्या सात, शिवप्पाकाका?"

आप्पांनी वाळू सपाट करायची फळी उचलली आणि माझ्याकडं बोट केलं. "तिला इचारा. मला बी तीच सांगते."

तिथून सुरू झालं ते.

तो रोज सकाळी यायचा. दोन तास खेळायचा, मग जीप घेऊन बोअरवर जायचा. मी त्याच्या काठ्या बाभळीखाली मांडायची, आणि एकेक करून बाजूला काढायची.

"ड्रायव्हर नको."

"का? सगळ्यात लांब जातो त्यानं!"

"जमीन दगडासारखी झालीय. तीन नंबरच्या लाकडी काठीनं मारला तरी चेंडू पळत पळत तेवढाच लांब जातो. अन् ड्रायव्हरनं तुमचा चेंडू कुठं जातो, ते मला माहीत हाय."

"कुठं?"

"औशाच्या रस्त्यावर."

तो हसायचा. हसताना मान खाली घालायचा. ही सवय मला… जाऊ द्या.

लोखंडी काठ्यांतला पाच नंबर राहिला, सात नंबर राहिला, नऊ राहिला. पिचिंग वेज राहिली. तिचा तळ पातळ, कडक जमिनीवरून चेंडू अलगद उचलते. चेंडू खड्ड्यात ढकलायला पटर तर हवाच. भांडण अडायचं ते एकाच काठीपाशी.

"सँड वेज घेऊ या."

"नाही."

"समजा, चेंडू मऊ मातीत पडला तर?"

"या तालुक्यात मऊ माती दाखवा मला. मग घेऊ."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. इंजिनियर झालेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये? मी आईपाशी चिडून बोलले, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "रोज रोज त्याचंच काय सांगती गं?" मी उगाच चुलीतली काटकी पुढं सारली.

मे महिन्यात नांदेडहून चिठ्ठी आली. तिथल्या खेळणाऱ्यांना लातूरशी सामना खेळायचा होता. जोडीचा सामना, एक बाई आणि एक बुवा. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. ऊन फार, काठ्या उचलायला माणसं नाहीत, म्हणून दोघांत मिळून सातच काठ्या. त्यांच्याकडून एक डॉक्टर आणि त्यांची बायको असे दोघं येणार होते.

"आपल्याकडं बाई कुठं हाय खेळणारी?" आप्पा म्हणाले. "नाही म्हणून कळवा."

पंचाक्षरी पिशवीचा पट्टा उगाच सोडत-बांधत होता. "आहे की," तो हळूच म्हणाला. "शिवगंगा आहे."

माझ्या हातातली फळी तशीच राहिली. आप्पांचा चेहरा मात्र बदलला. ते घराकडं निघून गेले.

त्या दिवशी दुपारी घरात कुणी जेवलं नाही नीट. "चार माणसांत पोरगी काठी घेऊन हिंडणार," आई म्हणाली, "परक्या पुरुषाबरोबर. लग्नाची पोर हाय, लोक काय म्हणतील?" आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "नागम्मा, वीस वर्षं मी मैदानावर होतो. साहेबाला सांगायचो, ही काठी घ्या, ती नको. माझ्या सांगण्यानं साहेब जिंकायचा. पण आमाला खेळायचं असंल तर फकस्त सोमवारी. त्ये बी क्लब बंद असला की." ते उठले. "रविवारी हाय सामना. खेळू दे तिला रविवारी."

मी मागच्या दाराला जाऊन डोळे पुसले.

आता पिशवी दोघांची होती. माझा फटका त्याच्याएवढा लांब जात नसे, म्हणून मला पाच नंबरची लाकडी काठी हवी होती. पण सहा काठ्या ठरलेल्या, जागा एकच उरलेली. एकीकडं माझी लाकडी, दुसरीकडं त्याची सँड वेज.

मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. त्यानं दोन्ही काठ्या हातांत तोलल्या, आणि सँड वेज माझ्या हातात दिली.

"ही घरी ठेवा," तो म्हणाला. "तुमच्या काठीला जागा झाली पाहिजे."

एवढंच. पण ती काठी मी घरी नेली, आणि का कोण जाणे… पदरानं पुसून ठेवली.

रविवारी सकाळी सातलाच ऊन टोचायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई पांढरे बूट घालून आल्या होत्या. मी साडीचा पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून उभी. पहिला फटका माझा होता. मी काठीवरची पकड दोनदा बदलली.

"शिवगंगा," मागून त्याचा आवाज आला, "समोर घमेलं नाहीय. बिनधास्त मारा."

मला हसू आलं, आणि हसता हसताच फटका बसला. खणखणीत! चेंडू माळावरून पळतच सुटला. डॉक्टरीणबाईंनी चक्क टाळी वाजवली.

मग काय झालं ते मला नीट सांगतासुद्धा येत नाही. एक फटका त्याचा, एक माझा. त्यानं चेंडू जिथं टाकावा, तिथून मला सोपं जावं. ब्राऊनवर मी पटर घेतला की तो फळीनं खड्ड्यापर्यंत वाळूची वाट गुळगुळीत करायचा आणि बाजूला व्हायचा. बोलणं असं नव्हतंच. नुसतं, "सात नंबर?" "हाव." "पिचिंग?" "नको, नऊ…" कधी नंबर सांगायच्या आत काठी माझ्या हातात असायची. आठ खड्डे झाले तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. माझ्या लाकडी काठीनंच आम्हाला दोन खड्डे जिंकून दिले होते.

नववा खड्डा. माझा पहिला फटका सरळ गेला. दुसरा त्याचा, पाच नंबरनं. चेंडू उंच चढला, किंचित उजवीकडं वळला आणि… फस्स. आवाजच आला नाही पडल्याचा.

आम्ही जाऊन पाहिलं. शुक्रवारी तिथं शेजारच्या वाडीसाठी बोअर मारला होता. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या भुकटीचा ढीग, पिठासारखा मऊ, आणि त्यात आमचा चेंडू निम्मा रुतलेला.

"हा बोअर कुणी इथं घ्यायला लावला?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "पाणीही लागलंय. दीड इंच."

सँड वेज घरी होती. मी पिचिंग वेज घेतली, आप्पांनी शिकवल्यासारखं तिचं तोंड आभाळाकडं उघडं धरलं, आणि मारला. भुकटी उडाली, माझ्या केसांवर बसली. चेंडू वीतभर सरकला. पुढच्या फटक्याला त्यानं तो कसाबसा बाहेर काढला. पण तोवर डॉक्टरांचा चेंडू खड्ड्याशी पोचला होता. आम्ही एका खड्ड्यानं हरलो.

मंडळी बाभळीखाली ताक प्यायला गेली. मी त्या ढिगापाशीच उभी राहिले.

"माझ्यामुळं हरलो," मी म्हटलं. "महिनाभर तुम्ही सांगत होतात, ती काठी घ्या. मीच हट्ट धरला."

"शिवगंगा, एक सांगू?" त्यानं मान खाली घातली. "ती काठी नको, हे मला पहिल्याच दिवशी पटलं होतं."

मी त्याच्याकडं पाहतच राहिले. "मग रोज का भांडत होतात?"

"ठरून गेलं असतं तर… दुसऱ्या दिवशी कोणत्या निमित्तानं आलो असतो?"

माळावर वारा नव्हता. तरी मी खोचलेला पदर पुन्हा खोचला.

"मला किनवटला जायची ऑर्डर आलीय," तो एका दमात म्हणाला. "पंधरा दिवसांत निघायचंय. तिकडं जंगल आहे, गावं लांब लांब आहेत. निवासी शाळा आहेत, शिक्षिका मिळत नाहीत म्हणतात… म्हणजे, तुम्हाला शिकवणं सोडायला लागू नये म्हणून मी चौकशी केली. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण… मी शिवप्पाकाकांना विचारू का?"

केसांतली भुकटी झटकायचा बहाणा करून मी तोंड फिरवलं. नाहीतर त्याला सगळंच दिसलं असतं.

"तुम्ही इथंच थांबा," मी म्हटलं. "आप्पांना मी विचारते."

आप्पा पहिल्या खड्ड्यापाशी होते. सामना संपला तरी त्यांचं काम संपलेलं नव्हतं. पायांचे ठसे फळीनं पुसत होते. मी जाऊन उभी राहिले. कुठून सुरुवात करावी, हे कळेना.

"आप्पा, त्यांची बदली झालीय. किनवटला."

"ऐकलं म्या."

"ते… मला विचारून राहिलेत."

फळी थांबली. आप्पांनी लांब, ढिगापाशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडं पाहिलं.

"किनवट लई लांब हाय, पोरी."

"हाव."

"जंगल हाय सगळं."

"हाव."

"तुला जायाचं हाय?"

मी मान डोलावली. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी तसंच ठेवून ते हसले.

"त्याला म्हणावं, घरी ये आईवडिलांना घेऊन. तुझ्या आईला मी समजावतो," ते म्हणाले. मग फळी पुन्हा वाळूवर टेकवत पुटपुटले, "अन् म्हणावं, तिकडं एखादा माळ मोकळा असंल तर बघून ठेव. मी येतो आखून द्यायला."

मी वळले. पार त्या टोकाला पंचाक्षरी दोन्ही हातांत पिशवी घट्ट धरून उभा होता. त्याला दुरून काही ऐकू येत नव्हतं, माझा चेहराही दिसत नव्हता. तो एक पाऊल पुढं आला, थांबला, पुन्हा एक पाऊल…

धावत जावं, असं पाय म्हणत होते.

पण महिनाभर तो माझ्याशी खोटं खोटं भांडला होता. मी मुद्दाम हळू चालले.