बारा पावलं

"जरा मागे सरा. तुमच्या श्वासाने पारा चढतोय."

आमची ओळख ही अशी, माझ्या फटकळ तोंडाने झाली. पाणीपुरवठा कचेरीच्या अंगणात झडपांची एक पांढरी पेटी आहे. तिच्या आत तापमापक असतो. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तो वाचून आकडा नोंदवहीत लिहायचा, हे माझं काम. माझ्याआधी एकतीस वर्षं ते बाबांनी केलं. गावात त्यांना सगळे पारेमास्तर म्हणत. त्या दिवशी कचेरीचे जुने पाइप दुरुस्त करायला आलेला एक उंच माणूस माझ्या खांद्यावरून पेटीत डोकावत होता.

तो दोन पावलं मागे गेला. मग तिसरं टाकून म्हणाला, "एवढं पुरे? की फाटकाबाहेर जाऊ?"

मी हसले नाही... पण आकडा मात्र दोनदा वाचावा लागला.

पुढचे दोन आठवडे तो रोज आठला हजर. पेटीपासून लांब उभा राहायचा, श्वाससुद्धा जपून घ्यायचा, आणि मी वही मिटली की प्रश्न सुरू. एका गावचं तापमान लिहून जगाला काय फरक पडतो, असं त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, ताप आलेल्या माणसाची काळजी घ्यायची तर ताप आधी मोजावा लागतो. त्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि मी उगाचच पेन शोधत राहिले.

कचेरीमागची चाळीस झाडांची राई तोडून तिथे बस डेपो करायचं घाटत होतं. सभागृहात त्यावर जाहीर वाद व्हायचा होता, मग मतदान. झाडांच्या बाजूने मी बोलणार होते. माझ्या हातात एकच पुरावा होता, बाबांच्या नोंदी. एकतीस वर्षांत गाव दीड अंशाने तापलं होतं.

सभेच्या आदल्या दुपारी तो आला तो गंभीर चेहऱ्याने. राईच्या कडेच्या गवतात खणताना त्याला सिमेंटात गाडलेले चार लोखंडी पाय सापडले होते, वरून कापलेले. त्यांच्यातलं अंतर बरोब्बर पेटीच्या पायांएवढं होतं. मी जुन्या वह्या काढल्या. बाबांच्या नोंदींच्या अठराव्या वर्षी पारा एकदम एक अंश चढला होता आणि पुन्हा कधी उतरला नव्हता. पेटी गवतातून उचलून सिमेंटच्या अंगणात, तापत्या भिंतीशेजारी आणली होती, आणि वहीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. माझ्या दीड अंशातला एक अंश त्या भिंतीचा होता.

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही हरलेल्या... मला बघवणार नाही."

आपल्यासाठी कुणी एवढं करायला तयार आहे हे ऐकून आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग तळपायाची आग मस्तकाला गेली. "पृथ्वी सांभाळा असं लोकांना सांगायचं आणि आकडा खोटा द्यायचा? आज माझ्यासाठी लपवाल, तर उद्या माझ्यापासूनही लपवाल."

तो फावडं उचलून निघून गेला.

घरी मी अठराव्या वर्षाची वही बाबांसमोर ठेवली, तसे ते चष्मा पुसू लागले. "गुडघे दुखायला लागले होते," ते शेवटी म्हणाले. "गवतातून जास्तीची बारा पावलं चालवत नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी पेटी हलवली. नोंद उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो... नंतर करायची लाज वाटली." ज्या माणसाच्या वहीत एक खाडाखोड सापडायची नाही, तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला रडू आवरेना. "उद्या सांगून टाक," ते म्हणाले. "नाव जाईल माझं. जाऊ दे."

सभेत डेपोच्या बाजूने एक वकील उभे राहिले. जग तापवलं मोठमोठ्या कारखान्यांनी, ते म्हणाले, आपल्या चाळीस झाडांवर त्याचा भार कशाला? टाळ्या पडल्या. मग मी उठले आणि सगळं सांगितलं. पेटी, भिंत, न केलेली नोंद. तो एक अंश वजा केला तरी अर्धा उरतो, हेही सांगितलं. पण ते ऐकतो कोण?

"म्हणजे तापमानवाढ ती पारेमास्तरांच्या गुडघ्यांची," वकील म्हणाले. सभागृह हसून लोटपोट झालं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बाबा उठले. व्यासपीठाच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. काल निघून गेलेला तो कोपऱ्यातून पुढे झाला, त्यांचा हात धरून त्यांना वर घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला.

"चूक माझी," बाबा म्हणाले. "मी एकटा, बारा पावलं सिमेंटकडे सरकलो, तर पारा एक अंश चढला. तुम्ही तर अख्खी राई सिमेंटखाली घालताय. एका माणसाच्या आळसाने एवढं बिघडतं. मग एकट्याने काय होणार, असं मला तरी म्हणता येत नाही."

आता कुणी हसलं नाही. हात वर करून मतदान झालं. डेपो वर्षभर लांबणीवर पडला. तोवर दुसरी पेटी जुन्या जागी, गवतात बसवायची आणि दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे, असं ठरलं. वर्षानंतर काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांखाली तो थांबला होता.

"दोन पेट्या, आणि दोन्हीकडे आठचाच ठोका," तो म्हणाला. "एकट्या कशा वाचणार?"

"माणूस शोधावा लागेल."

"मला येईल ते काम... शिकवलंत तर." मग त्याचा आवाज बदलला. "काल मी चुकलो. तुम्हाला वाचवायला निघालो, आणि तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

"काल तुम्ही मला मुळीच आवडला नव्हतात," मी म्हणाले. "आज बाबांना हात देऊन वर आणलंत, सगळ्यांदेखत... आवडता मला. खूप."

हे मी बोलले यावर माझा मलाच विश्वास बसेना. त्याने हात पुढे केला, मी तो धरला. लोक बाहेर पडत होते, वळून बघत होते. बाबा एकेक पायरी उतरत खाली आले, आमच्या हातांकडे बघत उभे राहिले, तरी आम्ही ते सोडले नाहीत.