तीस ठोके

बसा, दार लोटून घ्या रे. ही आमच्या हबीबभाईंची हकिगत. अंबडच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर होते ते. खोटं बोलणारा माणूस नव्हे, आधीच सांगतो.

संध्याकाळी ते चेलो वाजवायचे, गुडघ्यांत धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, असे चौघे. जुनं काही वाजवायचे नाहीत, आजच्या लोकांनी रचलेलंच. नाशिककर विचारायचे, "सूर लावून झाले असतील तर सुरू करा की!"

व्हायोला वाजवणारी तृप्ती. तिनं स्वतः एक रचना केली. मधोमध तीस ठोके सगळ्यांनी गप्प बसायचं. हबीबभाईंना ते पटेना.

"बेटा, तेवढ्यात लोक उठून जातील गं."

"तीसच्या तीस मोजा, हबीबभाई. एकही खाऊ नका."

पावसाळ्यात तापानं पोरगी गेली. उरलेल्या तिघांनी ठरवलं, तिची खुर्ची रिकामी ठेवून रचना वाजवायचीच.

२२ नोव्हेंबर २००३, शनिवार, रात्री साडेनऊ. उद्या कार्यक्रम. हबीबभाई पंचवटीतल्या तालमीच्या खोलीवर एकटेच गेले. तिच्या रचनेला कुणी हसू नये, एवढंच मनात. वादक सुरांच्या कॉपीवर पेन्सिलीनंच खुणा करतात, पुसता याव्यात म्हणून. ह्यांनी मुद्दाम निळं बॉलपेन नेलेलं. तिन्ही कॉप्यांतले तीस ठोके खोडले. चौथ्या स्टँडवर तृप्तीची कॉपी होती. तीही खोडली.

टक.

व्हायोलाचा गज स्टँडवर आपटावा तसं. तृप्ती तशीच मोजायची.

टक... टक...

खोलीत कुणी नाही. खिडकी बंद. हबीबभाई नकळत मोजू लागले. दहा. वीस. आवाज जवळ आला. अठ्ठावीस... एकोणतीस... तीस.

मग काहीच नाही.

तिसाव्या ठोक्यानंतर चेलो सुरू होतो, पोरांनो. कुणीतरी थांबलं होतं... त्यांच्यासाठी.

कसंबसं कुलूप घातलं आणि जे पळाले, ते थेट घाटावरच्या उजेडात. किल्ली एकच. ती त्यांच्या खिशात.

सकाळी पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या आशाताईंपुढे त्यांनी कान पकडले. "मी खोडलं. चुकलो."

आशाताईंनी कॉप्या उघडल्या. पुन्हा पुन्हा बघितल्या. "कुठं खोडलंय, हबीबभाई?"

चारही पानांवर शाईचा ठिपका नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी तीसच्या तीस मोजले. एकही खाल्ला नाही. लोकही जागचे हलले नाहीत.

फक्त तृप्तीच्या कॉपीच्या घडीत चिमूटभर रबराचा भुगा निघाला. बॉलपेन होतं रे... रबरानं जातं कधी?

भुगा निळा होता.