एकाच दिवशी दोन गावांत

"पोहायला यायचंय की नाही, ते एकदा सांगा," गळ्यात टॉवेल टाकून नोराची मैत्रीण इलेनी दारात उभी होती. "जानेवारीचा भर उन्हाळा, आणि या उकाड्यात कागद कसले चाळताय?"

नोराने मान वर केली नाही. कर्लू फ्लॅट गावच्या जुन्या पोलीस चौकीवर शनिवारी फलक लागणार होता. त्यावर तिच्या कॉन आजोबांच्या पणजोबांचं नाव होतं, कॉर्नेलियस हॅनरहन, आयर्लंडहून आलेला शिपाई. खाली लिहिलं होतं, 'दारूच्या नशेत सापडल्याने बडतर्फ.' ते वाचल्यापासून आजोबा खोलीबाहेर पडले नव्हते. शनिवारी येणार नाही, एवढंच म्हणाले होते.

"म्हणजे ते खरंच बेवडे होते?" दहा वर्षांच्या डेक्लनने विचारलं.

"हळू बोल, मूर्खा. आजोबा आत आहेत," नोरा, त्याची ताई, खेकसली. "इतिहास मंडळाच्या प्रिडमोर सरांनी जुन्या सरकारी नोंदींतून काढलंय. त्यांनीच दिल्या या प्रती."

इलेनीने नाइलाजाने बसकण मारली आणि एक पान ओढलं. "हे बघ. चार मे १८६८. इथल्या कोर्टात मेंढ्यांच्या चोरीत साक्ष दिली."

"माझ्या पानावरही चार मे आहे," डेक्लन म्हणाला. "पण हे ब्लॅक गलीच्या खाणींवरचं. दारू पिऊन रस्त्यात पडलेला सापडला."

"ब्लॅक गली? घोड्यावरून दोन दिवस लागायचे तिथे जायला."

"उडत गेला असेल."

तिघांची डोकी चक्रावली. पुढची पानं काढली, तर गोंधळ आणखी वाढला. एका पानावर निळे डोळे, दुसऱ्यावर तपकिरी आणि हनुवटीवर व्रण.

"डोळ्यांचा रंग बदलतो का गं?" नोराने विचारलं.

"दारूने लाल होतात," इलेनी म्हणाली. "तपकिरी झालेले ऐकले नाहीत."

दोन्हीकडे नाव तेच, आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातलं गावही तेच. वयात फक्त वर्षाचा फरक. नोराला रडू यायला लागलं. शेवटी ती सगळे कागद उचलून थेट आजोबांच्या खोलीत गेली, मागोमाग बाकीचे दोघंही.

आजोबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात, पोरी. दोन भावांना मुलगे झाले, की दोघंही कॉर्नेलियस. माझ्या लहानपणी नाताळच्या जेवणाला कुणी 'कॉन' म्हणून हाक मारली, तर पाच माना वळायच्या." बोलता बोलता ते थांबले. "चुलत भाऊ असतील का हे?"

"हा आकडा कसला?" डेक्लनने पानाचा कोपरा दाखवला.

तो शिपायाचा नंबर होता. साक्ष देणारा, निळ्या डोळ्यांचा, १४०६. बडतर्फ झालेला २०३३. आणि १४०६ ने पुढे एकोणीस वर्षं याच चौकीत इमानाने नोकरी करून निवृत्ती घेतली होती; म्हणजे आजोबांचे पणजोबा तेच.

तिघं धावत प्रिडमोर सरांकडे पोहोचले.

"नाव तर जुळतंय," सर म्हणाले.

"नाव जुळतं, सर. नंबर?" नोराने विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "नंबर मी पाहिलाच नाही," ते हळूच म्हणाले. दोन माणसांचे कागद त्यांनी एकाच माणसाला चिकटवले होते.

शनिवारी आजोबा टाय लावून पहिल्या रांगेत बसले. नव्याने रंगवलेल्या फलकावर नावाखाली नंबरही होता. "मी न वाचलेलं या तिघांनी वाचलं," असं प्रिडमोर सरांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. टाळ्या थांबल्यावर आजोबांनी तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे पोरांनो," ते म्हणाले.

घरी येताना मात्र ते फाटकापाशी थबकले. "तो दुसरा कुठे गेला असेल नोकरी सुटल्यावर? तोही आपलाच. त्याची चौकशी करायला कुणी आलंच नाही."

पोहायला जायचं म्हणून सोबत आणलेला टॉवेल इलेनीने फाटकावर टाकला.

"लायब्ररी सोमवारी नऊला उघडते," ती म्हणाली.