आधी खांदा, मग सोड

टक्!

एवढासा आवाज, आणि त्यामागून पोकळ शांतता. अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळाची. पण शाल्मलीला ती अख्ख्या तासिकेएवढी लांब वाटायची.

गाता गाता निकहतची मान गर्रकन मागे वळली. दर वेळी वळायची तशीच. सूर घसरला आणि गाणं थांबलं.

"अगो, तुझ्या कीबोर्डला उचकी लागलीय की काय?" ड्रमवरून यशोधन ओरडला. "पाणी पाज त्याला!"

"तू गप्प बस," शाल्मली म्हणाली. पण तिचे कान तापले होते.

कोडं साधंच दिसत होतं. गाण्याची सुरुवात सनईच्या आवाजात. मग निकहत "सा" लांबवते, तेवढ्यात कीबोर्डवर सनईचा पियानो करायचा, आणि शेवटच्या कडव्याआधी पियानोची बासरी. बटण शाल्मली अगदी वेळेवर दाबत होती. तरी दर वेळी तो टक् आणि तो खड्डा! बोट चुकत नाही, ताल चुकत नाही, मग चुकतंय कोण?

पाटणकर सरांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की काहीतरी वाईट बातमी असते, हे खारवेलीच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

"शाल्मली, उद्या अकराला रत्नागिरीत स्पर्धा. आज साडेपाचला शेवटची तालीम. तेव्हाही हा खड्डा पडला, तर कीबोर्डचा भाग आपण ध्वनिमुद्रित करून लावू. तू मंचावर उभी राहा. नुसते हात हलव. कुणाला कळायचं नाही."

हात हलव! गेल्या वर्षापर्यंत शाल्मली शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची. या वर्षी काय काय केलं तिने! वर्गात भाषण ठोकलं, शिमग्यात गावच्या पालखीला पहिल्यांदा खांदा दिला, बँडमध्ये आली. आणि आता २०५८ सालच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत ती बाहुलीसारखे हात हलवणार?

सगळे निघून गेले. खोलीत उरली ती, कीबोर्ड आणि सातबा.

सातबा म्हणजे 'हमाल क्रमांक सात'. बंदरावरून निवृत्त झालेला यंत्रमानव. तीस वर्षं त्याने बोटींवरची खोकी उतरवली आणि नुसत्या आवाजावरून इंजिनातले बिघाड ओळखले. आता तो शाळेची वाद्यं उचलायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा.

"ताई, रडताय का?" त्याने विचारलं.

"नाही! घाम आलाय डोळ्यांना."

"डोळ्यांना घाम येत नाही. माझ्याकडे तशी नोंद आहे."

शाल्मलीला हसू आलं, आणि मग खरंच थोडं रडूही आलं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"सातबा, हा टक् येतो कुठून?"

सातबाने छातीवरचा पडदा उजळवला. त्यावर सनईच्या सुराची लाट डोलू लागली. वर, खाली, वर, खाली.

"आवाज म्हणजे हवेची थरथर. स्पीकरचा पडदा या लाटेप्रमाणे पुढे-मागे हलतो आणि हवेला हलवतो. आता समजा, तुम्ही झोपाळ्यावर आहात. झोपाळा अगदी वर गेलाय, आणि कुणीतरी त्याला गचकन खाली ओढून थांबवलं. काय होईल?"

"कड्या खडखडतील. मी आपटेन."

"पडद्याचंही तेच होतं. लाट उंचावर असताना आवाज तोडला, की पडदा एकदम मधल्या जागी आदळल्यासारखा येतो. तोच टक्."

"आणि नंतरचा खड्डा?"

"तुम्ही बटण दाबता तेव्हा कीबोर्ड आधी सनई टाकून देतो. मग पियानो शोधतो, स्मृतिकप्प्यात (यंत्र हाताशी लागणारी माहिती जिथे मांडून ठेवतं त्या जागेत) आणून ठेवतो, आणि मग वाजवतो. सेकंदाचे चार दशांश जातात. तेवढा वेळ त्याचे हात रिकामे."

शाल्मली एकदम ताठ बसली. "म्हणजे हा आधी सोडतो आणि मग धरतो?"

"बरोबर."

"शी! असं कुणी करतं का? पालखीचा खांदा बदलताना असं केलं तर पालखी जमिनीवर येईल! आमच्याकडे पहिलं हेच शिकवतात. नव्याने आधी खांदा लावायचा, वजन अंगावर घ्यायचं, मग जुन्याने निघायचं. पालखी नाचत असते, ती थांबत नाही. आधी खांदा, मग सोड!"

सातबाचे डोळे लुकलुकले. तो खूश झाला की ते लुकलुकायचे. "या कीबोर्डला कप्पे दोन आहेत, ताई. आणि प्रत्येकाला आवाज कमी-जास्त करणारी स्वतंत्र सरकपट्टी. तुम्ही आजवर एकच वापरलात."

दोन खांदे! शाल्मलीने झटपट पहिल्या कप्प्यात सनई ठेवली, दुसऱ्यात पियानो. दुसऱ्याची पट्टी तळाशी, म्हणजे पियानो तयार पण मुका. उजव्या हाताने सूर धरला. डाव्या हाताच्या अंगठ्याने पियानोची पट्टी वर ढकलली, मधल्या बोटाने सनईची खाली ओढली.

टक् नाही! खड्डाही नाही! ती ओरडणारच होती, पण थांबली. काहीतरी खटकत होतं. दोन्ही पट्ट्या मधोमध आल्या की सूर मरगळायचा, पंखा मंद व्हावा तसा. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. घड्याळात पावणेपाच.

"एक अर्धा, दुसरा अर्धा, म्हणजे मिळून एक व्हायला हवा ना?" तिचा आवाज चिरकला.

"उंचीच्या हिशेबाने हो. पण कानाला जाणवते ती लाटेतली ऊर्जा (लाटेची काम करण्याची क्षमता). लाटेची उंची अर्धी केली, तर ऊर्जा अर्धी होत नाही. अर्ध्याची अर्धी, म्हणजे पाव होते."

"पाव आणि पाव... अर्धाच! म्हणून मरगळतो!"

"दोन्ही लाटा पावलाला पाऊल लावून चालत असत्या, तर अर्ध्या-अर्ध्याने भागलं असतं. पण सनईची चाल वेगळी, पियानोची वेगळी. त्यांच्या उंचीची सरळ बेरीज होत नाही, ऊर्जेची होते."

शाल्मली ओठ चावत राहिली. मग तिला शिमग्यातला तो क्षण आठवला. खांदा बदलताना काका वाकले होते, आणि घाबरून तीही वाकली होती. पालखी एका बाजूला कलली आणि काका गरजले होते, "अगो, अर्धामुर्धा खांदा नको देऊस! ताठ उभी राहा!"

"सातबा! मधोमध असताना दोघांनी अर्ध्याहून जास्त उचलायला हवं. जास्त म्हणजे किती?"

"वजनाचं गणित निराळं असतं, ताई, पण तुमच्या काकांचा सल्ला इथे लागू पडतो. दहापैकी सात धरून पाहा."

शाल्मलीने बोटांवर मांडलं. सात साते एकोणपन्नास. शंभरातले एकोणपन्नास! असे दोन, म्हणजे अठ्ठ्याण्णव. जवळजवळ शंभर!

पट्ट्यांशेजारी सातच्या खुणेवर तिने लाल टिकल्या चिकटवल्या. नवी पट्टी सातावर चढेपर्यंत जुनीला साताखाली जाऊ द्यायचं नाही. पुन्हा सूर धरला. सनई कधी संपली आणि पियानो कधी सुरू झाला, तिचं तिलाच कळलं नाही.

"पण बासरी कुठे ठेवू? कप्पे तर दोनच!"

"पियानो चालू असताना सनईच्या कप्प्याचं काय काम?"

"काहीच नाही. तो मोकळाच... अरे! तिथे बासरी!"

साडेपाचच्या तालमीत सरांनी चष्मा पुसला नाही. "उद्या वाजव," एवढंच म्हणाले. पण शाल्मली निर्धास्त झाली नाही. तालीम वेगळी आणि मंच वेगळा.

दुसऱ्या दिवशी मंचावर दिवे इतके प्रखर होते, की समोरची माणसं दिसेनात. सनईवरून पियानोवर जाणं ठीक जमलं. आता बासरी मोकळ्या कप्प्यात भरायची. बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच थिजलं. मोकळा कुठला? पहिला की दुसरा? डोक्यात पांढरं धुकं. चुकीचं बटण दाबलं, तर वाजता पियानोच तोडला जाणार. टक्! सगळ्या सभागृहासमोर.

बोट दुसऱ्या कप्प्याच्या बटणावर टेकलंही होतं.

कुणाच्या खांद्यावर पालखी नाही? तिने पट्ट्यांकडे पाहिलं. पहिली तळाशी होती, दुसरी वर. वर असलेला वाहतोय. त्याला हात लावायचा नाही!

बोट सरकलं. पहिलं बटण. एक, दोन... बासरी आली, मुकी, तयार. निकहतने "सा" धरला. शाल्मलीने पट्ट्या सरकवल्या. लाल टिकल्या समोरासमोर आल्या, दोन्ही आवाजांनी मिळून सूर पेलला, आणि मग पियानो हळूच बाजूला झाला.

निकहतने मागे वळून पाहिलं नाही.

गाणं संपेपर्यंत एकदाही नाही. नंतर पडद्यामागे तिने विचारलं, "शालू, बासरी कधी आली गं? मला कळलंच नाही!" शाल्मलीच्या लेखी हेच पहिलं बक्षीस होतं. परीक्षकांनी दिलेलं दुसरं होतं.

परतताना सौरबोटीतून खारवेली दिसू लागलं. सहा वाजले आणि गावातले दिवे रोजच्यासारखे एकदम विझून पुन्हा लागले. संध्याकाळी वीज सूर्यावरून भरती-ओहोटीवर फिरणाऱ्या वीजचक्क्यांवर बदलते, तेव्हा गावाला अशीच उचकी लागते.

"सातबा," शाल्मली म्हणाली, "हेही आधी सोडतात आणि मग धरतात!"

"हो. पण विजेच्या दोन लाटा जोडायच्या, तर आधी पावलाला पाऊल लावावं लागेल. अवघड आहे."

"अशक्य आहे?"

"तशी नोंद नाही."

शाल्मलीने वही उघडली आणि पहिल्या ओळीत दोन लाटा काढल्या, एकीच्या खांद्याला खांदा लावून दुसरी.