म्हाळसाच्या बाळाची वाट

भांडगावात त्या रात्री आठलाच लाइट गेली. हौसराव आबा ओट्यावर येऊन बसले. नातू सत्यजीत कुरकुंभहून पहिली शिफ्ट करून आलेला. नात अनुपमा सोमवारी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागणार होती.

"अनू, तुला एक सांगून ठेवतो," आबा म्हणाले.

"उलट्या पायांची बाई असंल तर नगं," सत्यजीत हसला. "मला सहाची बस हाय."

"पाय सरळच होते रं," आबा म्हणाले. आणि सांगू लागले.

सरूबाई माझी चुलत बहीण. शिरूरला एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. सन नव्याण्णव, तेवीस डिसेंबर, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. तिचा उपास. घट सकाळीच मांडलेला. दुपारी बाजारातून पाच फळं आणून तिनं टेबलाखाली ठेवली होती. आठला ड्युटी सुटली की घरी जायचं, कहाणी वाचायची, उपास सोडायचा. एवढंच.

सातला आपल्या गेणबाच्या सुनेचं सिझर झालं. म्हाळसा. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी शिरूरला गेलेली. मुलगा झाला. पण रडलाच नाही.

सरूबाईनं त्याला कोमट पाण्यानं पुसलं, जिवंत लेकराला पुसावं तसं. टोपडं घातलं. आईकडे निघाली, तर गेणबा दारात आडवा.

"न्हाई दावायचं. तोंड बघितलं का माया लागती."

"मामा, माया नऊ महिने लागलीच हाय. पाच मिनिटं तिच्या कुशीत देते."

"आमच्यात आईला दावत न्हाईत, बाई. माझ्या आईला बी दावलं न्हवतं." गेणबा दगड नव्हता. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. पण हटला नाही. डॉक्टरही म्हणाले, घरच्यांचं ऐका.

पलीकडे म्हाळसाला सगळं ऐकू येत होतं. तिला कुशीवर वळता येईना. हाताला सलाइन.

"सिस्टर, एकदाच..."

सरूबाई तिच्या उशाशी बसली. केसांवरून हात फिरवत राहिली. शेवटी म्हाळसाच म्हणाली, "मग तुम्ही तरी जा त्याच्यासंगं. त्याला एकटं न्हेऊ देऊ नका."

"मातीपर्यंत मांडीवरून खाली ठेवणार न्हाई," सरूबाई म्हणाली. फळं आयाच्या हाती दिली आणि उपाशीच भांडगावला निघालेल्या जीपमध्ये चढली.

साडेनऊला निघाले. गेणबा पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं एकटी सरूबाई, मांडीवर बाळ. आदल्या रात्री पुनव झालेली, रस्ता पांढराफटक. न्हावरा गेलं.

साडेदहाला जीप पारगावजवळ भीमेच्या पुलावर आली. आत स्पिरिटचा वास आला.

सरूबाईला वाटलं, आपल्याच पदराचा.

मग तिच्यासमोरची रिकामी सीट करकरली.

ती बघेना. खाली बघत राहिली. खाली दोन पाय दिसले. अनवाणी. सरळ. त्यावर दवाखान्याचा हिरवा गाऊन. हातावर पट्टी, सुईची.

हात पुढं आले.

बाळाकडे...

सरूबाईनं महालक्ष्मीचं नाव घेतलं. पळायला जागा नव्हती. ओरडायचं, तर बाळ आवळून धरायचं, म्हणजे आईला पुन्हा नाहीच म्हणायचं. आणि ते हात... तसेच पसरलेले होते.

तिनं बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"घे बाई," म्हणाली. आणि दिलं.

मांडी हलकी झाली. तिनं डोळे मिटले.

पुढं गेणबानं आरशात पाहिलं. काय दिसलं, त्यानं कधी सांगितलं नाही. "हळू घे," एवढंच ड्रायव्हरला म्हणाला.

पूल संपला...

सरूबाईनं डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. बाळ तिच्या मांडीवर. फडकं नीट झाकलेलं.

चौफुल्याला एसटीडी बूथ उघडा होता. तिनं दवाखान्यात फोन लावला.

"म्हाळसा?"

"बेडवरच हाय," आया म्हणाली. "साडेदहाला डोळे मिटले, ते किती हाका मारल्या तरी उठंना. आम्ही घाबरलो. आत्ता जागी झाली बघा. पानी मागती."

"रडती का?"

"न्हाई. निवांत हाय."

भांडगावात गेणबाच्या बांधावर खड्डा काढून ठेवला होता. कंदील होता. बाळाला खाली घेताना गेणबाच म्हणाला, "थांबा. मला बी बघू द्या."

त्यानं फडकं सारलं. कंदील खाली आणला.

बाळाच्या ओठावर, कोपऱ्यात, एक थेंब होता. पिवळसर. घट्ट. सरूबाईनं वीस वर्षं बाळंतपणं केलेली, तिला सांगावं लागलं नाही. पहिल्या दिवसाचा चीक होता तो. आईचा.

गेणबानं पुसायला बोट नेलं...

ओला होता.