दहावं माणूस

खोटं वाटलं तर कातळवाडीत जाऊन विचारा, पण ऐकताना मध्ये हसू नका.

लस आली त्या दिवशी सगुणा सकाळपासून नुसती धावत होती. राजापूरहून जीप निघाली असा फोन आला आणि बाईनं तव्यावरची भाकरी तव्यावरच ठेवून पायात चपला सरकवल्या. वाडीची आशाताई ना ती! दुसऱ्या लाटेचा भर, मे महिना. पंधरा-वीस दिवसांत वाडीतली आठ माणसं तापानं आडवी झालेली, आणि दोघांना रत्नागिरीला नेलं ती परत आलीच नाहीत. महिनाभर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, लस कधी? आणि आज ती दारात! सगुणा घराघरात शिरून ओरडत सुटली, "चला गो, चला! आधारकार्ड घ्या, मास्क लावा, आणि पोटात काहीतरी टाकून या!"

पण तिची खरी घाई होती ती सासऱ्यासाठी. महिपत तात्या, वय बहात्तर. मुंबईच्या गिरणीत तीस वर्षं कापूस नाकातोंडात गेलेला, जिना चढले तरी धाप. ह्यांना करोना झाला तर दोन दिवससुद्धा निघणार नाहीत, असं डॉक्टरनं सगुणाला तोंडावर सांगितलेलं. आणि म्हाताऱ्याला सुईची भीती! त्यात मुंबईहून आलेल्या दीपकनं मोबाईल दाखवून वाडीभर पसरवून ठेवलेलं, की टोचून घेतलं की माणूस दोन वर्षांत खपला. सगुणानं हातापाया पडून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी दोन दिवस अबोला धरला. तेव्हा कुठे तात्या म्हणाले, "बरं. पण आज काय ते आज. पुन्हा मला तिकडं न्यायचं नाव काढलंस तर बघ."

शाळा वर्षभर बंदच होती. सगुणानं कुलूप काढलं, जळमटं झाडली, एका वर्गात टोचायचं टेबल आणि शेजारच्या वर्गात टोचल्यावर अर्धा तास बसायचं बाक. खाडीकडच्या मोहल्ल्यातून अयूबभाई आणि शरीफाबी सगळ्यांत आधी हजर. मग एकेक करत सात जण आले. त्यांतच तात्या, टेबलासमोरच्या खुर्चीत, काठी दोन्ही हातांत घट्ट धरून.

जीपमधून आलेल्या मृणाली सिस्टरनं निळी पेटी उघडली, बर्फातली एकुलती एक बाटली पाहिली आणि माणसं मोजली. नऊ.

"ताई, एका बाटलीत दहा डोस असतात. फोडली की चार तासांत संपवायची. दहा जण झाल्याशिवाय मला फोडता येत नाही हो."

"अहो, एकासाठी काय अडवता?"

"वरून हुकूम आहे. पाचला गाडी परत. आणि पुन्हा बाटली कधी मिळेल ते मला नका विचारू."

साडेतीन झाले, चार झाले. दीपकच्या कृपेनं निम्मी वाडी दारं लावून आत बसलेली. आणि तात्यांनी काठी टेकली! "जमत नाय ना? मग मी जातो घरी." सगुणानं ती काठीच धरली. आज म्हातारा उठला तर पुन्हा बसायचा नाही. "तात्या, पाच मिनिटं! माझ्यासाठी!" असं म्हणून तिनं पिशवीतून नावनोंदणीची वही काढली, पळत फाटकाशी गेली आणि पहिल्या पानावरची नावं वरून खाली एका दमात ओरडली.

"जनी मांडवकर! तुळसा रहाटे! मालन गुरव! या गो कोणीतरी, एकच माणूस पायजे!"

कातळावर ऊन नुसतं रणरणत होतं. साधा कावळासुद्धा ओरडेना. तिनं पुन्हा तीच नावं घेतली. तिसऱ्यांदा घेताना तिचा घसा बसला.

"आले गो..." खालच्या पायवाटेवरून उत्तर आलं.

हिरवं लुगडं, डोक्यावरून पुढं ओढलेला पदर, तोंडाला मास्क. आली ती तुळसा की मालन, हे बघायला सगुणा थांबली आहे कशाला! ती आनंदानं उडालीच. "सिस्टर, फोडा! दहा झाले, दहा!"

मग काय, शाळेत लगीनघाई! कोणाची बाही वर, कोणी डोळे मिटून देवाचं नाव घेतंय, शरीफाबी नवऱ्याला चिडवतेय की आखातात एवढी वर्षं काढली आणि सुईला घाबरता. तात्यांच्या दंडाला सुई लागली तेव्हा सगुणानं तोंड फिरवलं, कारण तिला रडू फुटलं होतं. "झालं?" तात्या म्हणाले. "एवढंच?" सगळा वर्ग हसला. सगुणा सगळ्यांना पाणी देत, तात्यांच्या पाठीवरून हात फिरवत नुसती नाचत होती.

पाचला सिस्टरनं सगळ्यांना घरी सोडलं. सगुणानं दोन्ही वर्ग बंद करून कुलपं घातली. जीपशी उभं राहून रजिस्टरवर सही करताना तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली.

दहा. जनी मांडवकर.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही... ही कोणी सांगितली?"

"त्यांनीच. नाव सांगितलं, नोंदणीही सापडली. का हो? तब्येत मात्र बरी वाटली नाही मला. दंड काय गार होता! पेटीतल्या बर्फाला हात लावल्यासारखं झालं."

जीप गेली. सगुणा तिथंच उभी.

जनीला जाऊन अकरा दिवस झाले होते. रत्नागिरीला नेलेल्या दोघांतली एक ती. एकटी बाई, मुलगा सागर मुंबईला अडकलेला. तिकडंच प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिकडंच अग्नी दिला, वाडीनं तोंडसुद्धा पाहिलं नाही. आणि लसीसाठी सगळ्यांत आधी नाव दिलं होतं तिनंच. रोज संध्याकाळी सगुणाच्या दारात यायची. "आली काय गो लस?" "उद्या येईल, जने. आली की पहिली हाक तुला." असे वीस दिवस गेले, आणि एकविसाव्या दिवशी तिला ताप भरला. तिच्या नावावर काट मारायला सगुणाचा हात झालाच नव्हता.

"चल गो," तात्या फाटकातून म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी खुशीत. "आणि त्या जनीला कशाला कोंडून ठेवलंस?"

"तात्या!"

"ओरडतेस काय? माझ्या बाजूलाच बसलेली. सिस्टरनं सगळ्यांना उठवलं, ही उठंना. म्हणाली, सगुणानं हाक मारून बोलावलंय, सगुणा सांगेल तेव्हाच उठीन."

"तात्या, ती गेली... तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय की. गेली म्हणून काय माणसानं बसू पण नये?"

सगुणा परत फिरली. का फिरली ते तिलाही सांगता येत नाही. ती बाकाच्या वर्गाच्या दाराशी गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आतून ओल्या राखेचा वास येत होता. तिनं दाराला कान लावला.

"सगुणा..." अगदी दारापलीकडून. "अर्धा तास झाला. उठू काय गो?"

काय सांगायचं? ऊठ म्हणावं, तर ही उठून जाणार कुठं? घराला कुलूप, चुलीत कोळी. वीस दिवस सगुणानं तिला नुसतं थांबवलंच होतं, आताही तोंडातून तेच निघालं.

"बस, बाय... अजून अर्धा तास."

आत बाक करकरलं. कोणीतरी मुकाट्यानं पुन्हा बसलं.

त्या दिवसापासून सगुणा रोज पाचला शाळेकडं जाते. लोकांना सांगते, कुलूप बघायला. दाराशी उभी राहून तेवढंच म्हणते आणि मागं न बघता परत येते. वाडीत नवा ताप नाही, तात्या ठणठणीत, आता दीपकसुद्धा विचारतो, पुढची लस कधी. सगुणाला सगळ्याचा आनंद आहे. फक्त पाच वाजत आले की हातातलं काम टाकून ती चपला शोधू लागते.

परवा तिला रत्नागिरीला मीटिंगला जावं लागलं. चारला परत येणार होती, पण वाटेत एसटी बंद पडली. बाईनं रस्त्यात उभं राहून टेम्पोला, ट्रकला हात केले, ड्रायव्हरच्या विनवण्या केल्या. वाडीत पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. ती तशीच शाळेकडं धावली.

दाराला कुलूप होतं. तिनं दाराला कान लावला, हळूच हाक मारली. आतून काहीच आलं नाही. वासही नव्हता.

घरी तात्या ओटीवर बसले होते. धाप लागलेली, कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर मोठं काम करून आल्यासारखं समाधान.

"तू नव्हतीस, म्हणून मीच जाऊन आलो शाळेत," ते म्हणाले. "बिचारी किती दिवस बसून! मी म्हटलं, सगुणा सांगते, ऊठ जने, जा आता घरी."

"मग...?" सगुणानं अंगणातूनच विचारलं. "मग ती काय म्हणाली, तात्या?"

तात्यांनी तिला बोटानं गप्प राहायची खूण केली आणि आतल्या अंधाऱ्या खोलीकडं मान वळवली.

"म्हणाली, वाट आठवत नाय, तात्या. तुमच्या मागनंच येते."