तिसरा पुकारा

ऋजुता, तो लाइट घालव. शौनक, मोबाइल खाली ठेव. तानाजी माझ्या चांगल्या ओळखीतला, तेव्हा ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देऊ नका.

२०२३चा डिसेंबर, बारा तारीख, मंगळवार, अमावास्या. विठ्ठलवाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवर तानाजीचं घर. पहिला मजला, गल्लीकडे गॅलरी. रात्री पावणेबाराला त्याच्या बायकोला, शीलाला, दम्याची धाप लागली आणि पंप संपलेला. रात्रभर उघडं असणारं मेडिकल स्टेशनजवळ होतं. "आलोच," म्हणून तो चपला अडकवून निघाला.

हा तानाजी जिल्ह्यातल्या एका कोर्टात शिपाई. कुठल्या, ते विचारू नका. त्याचं काम पुकाऱ्याचं. दाराशी उभं राहून नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आत आला नाही, की तो गैरहजर.

त्या रात्रीच्या काही महिने आधी तिथे एका बड्या पालिका अधिकाऱ्यावर खटला चालू होता. पडायला आलेल्या इमारतींतून ज्यांना बाहेर काढलं, त्यांच्या भाड्याचे पैसे या साहेबाने गिळले होते. बाकीचे साक्षीदार फितूर झाले. उरली एकटी कलावतीबाई, त्याच्याच ऑफिसातली जुनी कॅशियर. जज ताठ माणूस. वरून निरोप आले, बदलीची भीती घातली, तरी बधला नाही. जज विकत मिळेना, तेव्हा साहेबाच्या लोकांनी दाराबाहेरचा आवाज विकत घेतला. स्वस्तात मिळाला.

तिच्या साक्षीची शेवटची तारीख आली. कलावतीबाई कानाने जड. सकाळपासून बाकावर बसलेली, मांडीवर कागदांची पिशवी. तानाजीने तिचं नाव तीनदा पुकारलं खरं, पण भिंतीकडे तोंड करून, भटजी मंत्र पुटपुटतात तसं. आत जजने गैरहजर लिहिलं. दुपारी तिने विचारलं, "माझं नाव आलं का हो?" आणि हा नीच माणूस म्हणाला, "बसा, येईल."

पाच वाजेपर्यंत बसली बिचारी.

साहेब सुटला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. बाईने पैसे खाल्ले, म्हणून साक्षीला आली नाही, असं सगळीकडे झालं. बेघर झालेली माणसं तिच्या दारात येऊन थुंकून गेली. तिने अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही. दोन महिन्यांत गेली.

तर त्या रात्री तानाजी पंप घेऊन परत येत होता. चहाची टपरी बंद झालेली. तिच्यासमोरच्या बाकावर कुणी बाई बसली होती. मांडीवर पिशवी.

"माझं नाव आलं का हो?"

तानाजीचे पाय उचलेनात. मग उचलले, ते थांबेनात. गल्लीत अंधार. तो आपल्याच दारासमोरून पुढे निघून गेला.

मागून हाक आली.

"अहो..."

शीलाचा आवाज. बारीक. जेमतेम ऐकू येईल इतका.

कोकणातल्या त्याच्या आईने लहानपणीच बजावलं होतं, की रात्री ते घरच्याच माणसाचा आवाज काढतं. तीन हाकांना ओ द्यायची नाही. वळून बघायचं नाही. चौथी हाक त्याला मारता येत नाही.

तो उभा राहिला. श्वास रोखून.

"अहो..."

खिशातला पंप त्याने मुठीत आवळला.

"अ..."

मग काही नाही.

तो वाट बघत राहिला. चौथी हाक आलीच नाही. म्हणजे तेच होतं. तो तिथून जो निघाला, तो रिक्षा स्टँडवर जाऊन बसला. रिक्षावाल्यांमध्ये, उजेडात. वाचलो, म्हणाला. उजाडेपर्यंत हलला नाही.

सकाळी घराखाली माणसं जमलेली. शेजारची हेमांगी रडत होती.

"तुम्हाला तीन हाका मारल्या हो तिने. आवाजच फुटत नव्हता. मी बाहेर येऊन बघितलं, तर तुम्ही खाली उभे. म्हटलं, आलेत, आता बघतील. दार लावून घेतलं मी."

शीला गॅलरीत होती. कठड्याला टेकून बसलेली. गार.

तिची मूठ घट्ट मिटलेली. हेमांगीने आणि आणखी एका शेजारणीने मिळून सोडवली. आत चुरगळलेला कागद होता. कोर्टाचं समन्स. साक्षीदार म्हणून तानाजीचं नाव, तारखेची जागा कोरी.

त्याने कागद हातात घेतला. शिक्क्याची शाई त्याच्या बोटाला लागली. ओली होती.